नरहरची टिचकी

काशीत दूधविनायकाच्या गल्लीत बिंदुमाधव आपटेचं रेकॉर्डांचं दुकान होतं. दुकान म्हणायचं आपलं. विकत घेणारे थोडे आणि ठाण मांडून बसणारेच जास्त. रविवारी सकाळी दोन्ही बाकं भरायची, उरलेले पायरीवर. रेल्वेतला नरहर, शाळेतले मास्तर, घाटावरचे गुरुजी, मलाईवाला यादवसुद्धा. गाणं चालू असताना बोलायचं नाही, एवढा एकच नियम. संपलं की मात्र असे भांडायचे, की शेजारचा पानवाला कानांवर हात ठेवायचा.

सगळ्यांची लाडकी एक ठुमरी होती आणि नेमका तिच्यावरच ओरखडा. एका शब्दावर सुई अडकायची आणि गाणारी बाई तोच शब्द घोळवत बसायची. मग नरहरनं अंगठीनं टेबलावर टिचकी मारायची, की गाणं पुढं. तो मान नरहरचाच. दुसऱ्या कुणी हात उचलला, तर त्याची धडगत नसे.

पुढं घरोघर कॅसेटी आल्या. ज्याला त्याला आपापल्या खोलीत गाणं मिळालं आणि बाकं रिकामी पडली. नरहर तेवढा येत राहिला. त्र्याण्णवच्या थंडीत तो वारला. बिंदुमाधवला ना बायको ना मूल. रविवारी तो एकटाच दुकान उघडून बसे. रेकॉर्ड संपायची आणि भांडायला कुणी नसायचं, ते त्याला फार लागायचं.

पुढच्या कार्तिकात रामनगरचा एक हॉटेलवाला येऊन सगळा माल घेऊन गेला. वाजवायला नव्हे, भिंतीवर टांगायला! ठुमरीही त्यातच गेली. ऐकायलाच कुणी नाही, तर ठेवायची कुणासाठी?

संध्याकाळी रिकाम्या फळ्या बघवेनात म्हणून तो बालाजी घाटावर उतरला. शेजारच्या पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकांना आकाशदिवे चढत होते. पायरीवर नरहरची बायको, शरदिनीवहिनी, वाती वळत गुणगुणत होत्या. तीच ठुमरी. ठरल्या जागी त्या अडकल्या, तोच शब्द घोळवला, बोटानं पायरीवर टिचकी मारली आणि पुढं गेल्या. बिंदुमाधव दोन पायऱ्या उतरून त्यांच्यापुढं आला.

"वहिनी, हे कुठं शिकलात?"

"अगबाई, भाऊजी! तुमच्या दुकानात आम्ही बायका कुठं बसायचो? हे रविवारी घरी येऊन न्हाताना म्हणायचे, तांब्यावर टिचकी मारून. मला वाटलं, ती गाण्यातलीच." त्या हसल्या. "एकदा असली, रेकॉर्डवरचं गाणं ऐकवा ना. येऊ का रविवारी? घरात इतवार नुसता खायला उठतो."

येऊ का, एवढं कुणी विचारावं म्हणून त्यानं इतके दिवस दार उघडं ठेवलं होतं. त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"रेकॉर्ड राहिली नाही, वहिनी. आज दुपारीच सगळं देऊन बसलो."

शरदिनीवहिनींच्या हातातली वात अर्धीच राहिली. बिंदुमाधव त्यांच्या शेजारी पायरीवर टेकला.

"असली गाणं तुम्ही म्हणता तेच आहे," तो म्हणाला. "म्हणा पुन्हा."

त्यांनी सुरुवात केली. त्या शब्दापाशी आल्या, अडकल्या, घोळवत राहिल्या. या वेळी त्यांचा हात मांडीवरच होता आणि डोळे बिंदुमाधवकडे. त्याच्या बोटात अंगठी नव्हती. त्यानं नखानंच पायरीवर टिचकी मारली, आणि वहिनी पुढं गाऊ लागल्या.