तळमजल्यावरची खोली

अंगठा उचलला आणि प्रेमिलाने घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहिलं. उदारामच्या सुजलेल्या नडगीवर, घोट्यापासून चार बोटं वर, पडलेला खळगा हळूहळू भरत होता. आधी त्याचा काठ पुसट झाला, मग तळ वर आला. कातडी पुन्हा सपाट व्हायला आज अठ्ठेचाळीस सेकंद लागले. पहिल्या दिवशी बारा लागले होते.

"झालं का मोजून?" उदारामने विचारलं. तीन उशांना टेकून तो खाटेवर बसला होता. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तो झोपायचाही बसूनच.

"झालं."

"किती?"

"कालच्यासारखंच हाये."

काल एकेचाळीस होते.

तिने वही उघडली. ती शाळेची प्रॅक्टिकलची वही होती, एक पान कोरं आणि एक रेघांचं. अर्जुनी मोरगावच्या हायस्कुलात एकोणतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करताना अशा शेकडो वह्या तिने तपासायला मांडून ठेवल्या होत्या. कोऱ्या पानावर तिने सेकंद लिहिले. मग चष्मा पुसून मोबाइल हातात घेतला.

"सांगा मॅडम," उदाराम म्हणाला, "आज विमान केवढ्याचं?"

"थांबा जरा. उघडू तं द्या."

हे आता रोजचं झालं होतं. दिवाळीच्या आधी नागपूरच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की झडप पार निकामी झाली आहे आणि हृदयही फुगलं आहे. हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात अशी ऑपरेशनं करतात. पण या अवस्थेत दहातले चार तरी टेबलावरून परत येत नाहीत. न केल्यास काही महिने. "महिन्याभरात काय ते ठरवा," ते म्हणाले, "आणि रेल्वेने नेऊ नका, इतके तास बसवणार नाही त्यांना." परत येताना उदाराम साकोलीपर्यंत खिडकीबाहेर पाहत होता. एसटीत तीस वर्षं त्याने याच रस्त्यावर गाडी चालवली होती. साकोलीचा डेपो मागे पडल्यावर एवढंच म्हणाला, "तू शिकलेली हायेस. तू पाह्य."

तेव्हापासून ती पाहत होती.

पुण्याहून दिव्याने फोनवर शिकवलं होतं. "आई, एकाच ठिकाणी नको बघू. तीन-चार ठिकाणी बघ. मंगळवार-बुधवारचं बघ. आणि इन्कॉग्निटोमधून बघ, नाहीतर आपण पुन्हा पुन्हा बघतोय ते त्यांना कळतं आणि भाव चढतो."

"म्हनजे विमानवाला बी आपल्यावर नजर ठेवून राहिला?" खाटेवरून उदारामने विचारलं होतं. "आमच्या टायमाले ड्रायव्हर पॅसेंजरवर नजर ठेवे. तेबी उतरताना, की कोनी पेटी विसरला का म्हून."

पैसे लागतील तेवढे मी टाकते, असंही दिव्या म्हणाली होती. तसं पाहिलं तर प्रेमिलाकडेही होते. तरी ती रोज सकाळी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाचं पाही, नागपूरचं पाही, रायपूरचंही पाही. बिरसी जवळचं, पण तिथून विमानं कमी. नागपूरहून स्वस्त, पण गाडीत तीन तास बसवावं लागणार. ती सगळे आकडे रेघांच्या पानावर लिहून काढी आणि रविवारी त्यांचा आलेख काढी. नवव्या दिवशी भाव एकदम उतरला. दोघांचं जाणं दिव्याच्या अंदाजाच्या निम्म्यात होत होतं. प्रेमिलाचं बोट तिकीट काढायच्या नारिंगी चौकोनावर बराच वेळ थांबलं, आणि मग तिने मोबाइल उलटा ठेवला. उद्या अजून उतरेल, असं ती स्वतःला म्हणाली. आठ-नऊ बिंदूंवरून पुढची रेघ ओढायची नाही, हे तिने दहावीच्या किती तुकड्यांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाव चढला. तेव्हा आपल्याला हायसं वाटलं, हे तिच्या लक्षात आलं होतं. ते तिने कुठेही लिहिलं नाही.

खोलीचंही तसंच. दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर एक लॉज तिने शोधून काढला होता. तळमजल्यावर खोली, पायऱ्या नाहीत, भाडं तिथे पोचल्यावर द्यायचं आणि दोन दिवस आधीपर्यंत रद्द केली तर काही कापायचं नाही. तिने बुधवारची खोली घेतली. सोमवारी रद्द केली, पुढच्या बुधवारची घेतली. असं सहा वेळा झालं होतं.

"किती म्हनते?" उदारामने पुन्हा विचारलं.

"चढलं हाये."

"चढू दे. वरच जाते ते."

तो हसला आणि मग खोकला. खोकला थांबेपर्यंत प्रेमिलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात शेजारची शामकला पदराखाली वाटी घेऊन आत आली. वाटीत उकडलेले शिंगाडे होते, तलावातून नुकतेच काढलेले.

"मीठ नाई टाकलो बाई, बिनमिठाचेच हायेत. खाऊ द्या भाऊले." ती उंबऱ्याजवळच बसली. "कवा जाऊन राहिले मंग तुमी? पूर्ण मोहल्ला विचारते मले. उदारामभाऊ विमानात बसनार म्हनतेत, तं मी मनलो, बसतीन तवा बसतीन, आमचा धान निघून चुरना, मळनी सारं झालं."

"मले ड्रायव्हरच्या बाजूची सीट पाह्यजे," उदाराम म्हणाला. "थे भेटून नाई राहिली, म्हून थांबलो."

"तुमी तं मरतानाबी मस्करी करसान!" शामकला बोलून गेली. पदर तोंडाशी नेऊन ती वाटीकडे पाहत राहिली.

"सोल ना शिंगाडे," उदाराम सावकाश म्हणाला. "बोटं सुजलीत माही."

शामकलाने तीन शिंगाडे सोलले. मग धान वाळत घातलं आहे, गायी तोंड घालतील, असं काहीतरी सांगून ती उठली.

ती गेली आणि मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. प्रेमिलाचे हात शिंगाड्याच्या पाण्याने ओले होते, म्हणून तिने स्पीकरवर घेतला.

"प्रेमिला मॅडम? मैं हैदराबाद से बोल रा हूं, लॉज से." आवाज वयस्कर होता. "आपका बुकिंग है ना परसों का, नीचे वाला रूम?"

"हां, है."

"बुरा नक्को मानो मॅडम. मैं रजिस्टर देखा. हर हफ्ते आपका नाम आता, हर हफ्ते कॅन्सल होता. छे बार हो गया. मैं समझा पेशंट का मामला है, तारीख आगे-पीछे होतीच. इसलिए कुछ नहीं बोला."

"जी."

"अब क्या है, इधर एक बुजुर्ग हैं. तीसरे माले पे हैं, दो दिन से. ऑपरेशन होना है उनका. बेटी हाथ पकड़ के चढ़ाती, हर माले पे बैठते. नीचे का एकीच रूम है हमारे पास. आप पक्का आ रहे तो आपका है, मैं किसी को नहीं देता. नहीं आ रहे तो बोल दो बस."

प्रेमिलाने खाटेकडे पाहिलं.

"मॅडम?"

"थोडी देर में बताती हूं, भैया."

"आराम से. एक घंटे में बता दो."

तिने मोबाइल खाटेच्या कडेला ठेवला. हात पदराला पुसले, पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. तिसऱ्या मजल्यापर्यंत साधारण चाळीस पायऱ्या असतील, असा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला. उदारामला आता अंगणातल्या दोन पायऱ्यांवर थांबावं लागत होतं.

वही तशीच उघडी होती. एकेचाळीस दिवसांच्या नोंदी. डाव्या पानावरचे आकडे एकदाही मागे फिरले नव्हते. उजव्या पानावरचे रोज वर-खाली झाले होते, आणि ती रोज फक्त त्यांच्याकडेच पाहत आली होती. एवढ्या पानांत एक गोष्ट मोजायची राहिली होती. ती मोजायला कोणतंही साधन लागत नव्हतं.

ती खाटेवर, त्याच्या पायांशी बसली.

"तुमाले जायचं हाये का?"

उदारामने तिच्याकडे पाहिलं. "तुले वाटत असन तं जाऊ."

"मले काय वाटते, थे नाई विचारलं मी. तुमाले?"

बाहेर शामकला गायीला हाकलत होती.

"नाई," तो म्हणाला. "मले नाई जायचं. नागपूरवरून आलो तवाच नव्हतं जायचं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू तिकीट पाहून राहिली होती." त्याने दम घेतला. "रोज सकाळी उठून, चष्मा लावून. काहीतरी मोजत होती. नाईतं नुसती माह्या तोंडाकडं पाहत बसली असतीस. मनलो, पाहू दे."

"एक डाव स्वस्त झालं होतं," ती म्हणाली. "नवव्या दिवशी. लई स्वस्त. तरी नाई काढलं मी. तवा गेलो असतो तं..."

"ठाऊक हाये मले."

"कसं?"

"त्या दिवशी तू मोबाइल उलटा ठेवलास अन् दोनदा चहा मांडलीस." तो जरासा हसला. "अन् मले काऊन नाई जायचं, सांगू? आपल्या मोहल्ल्यातल्या वच्छलाबाईचा पोरगा धानाच्या बांधीत पडला होता, याद हाये? माह्या एसटीत त्याले घेऊन नागपूरले निघालो होतो आमी. थो लाखनीलेच गेला. रस्त्यात. लोकाईच्या मंधात, डिझेलच्या वासात. मी आरशातून पाहत होतो." त्याचा दम संपला. त्याने हाताने खोलीभर एक खूण केली, खाट, खिडकी, खिडकीतून दिसणारं वाळत टाकलेलं धान. "अठी बरं हाये. अठी मले सगळं दिसते."

तिने त्याच्या नडगीवर हात ठेवला, अंगठा न दाबता. कातडी ताणलेली आणि गार होती. बराच वेळ तिने हात तसाच राहू दिला.

मग तिने वही मिटली, डोळे पुसले आणि मोबाइल उचलून आलेला नंबर लावला. पलीकडे दोनच रिंग झाल्या.

"हां मॅडम, बोलो."

"भैया," ती म्हणाली. आवाज प्रयोगशाळेत असायचा तसा सरळ होता. "नीचे का रूम उन बाबा को दे दीजिए. आज ही दे दीजिए."

"और आप? अगले हफ्ते का लिखूं?"

तिने उदारामकडे पाहिलं.

"नहीं," प्रेमिला म्हणाली. "हम नहीं आएंगे. हम अपने घर में ही रहेंगे."