मागचं माणूस दिसेनासं झालं की

मी मोटरसायकलचा आरसा बोलतोय. उजव्या हँडलवरचा. बोलताना माझी काच थरथरते आहे, पण तो दोष इंजिनाला देऊ नका. गाडी अजून चालू व्हायची आहे. मी मुळातच घाबरट आहे.

तुम्ही म्हणाल, काचेच्या तुकड्याला कसली आली भीती? पण विचार करा. गाडीचा दिवा पुढे बघतो, मालक पुढे बघतो, अख्खी गाडीच पुढे तोंड करून धावते. मागे काय चाललंय ते पाहण्याची जबाबदारी एकट्या माझी. आणि ते पाहून मला ओरडताही येत नाही. कोणी माझ्याकडे बघितलं तरच माझ्या पाहण्याला अर्थ.

कारखान्यात माझ्या काचेला पुढून हलकासा फुगवटा दिला, म्हणजे थोडक्यात मला पोट सुटलेलं आहे. त्यामुळे रस्ता जास्त मावतो, पण सगळं लहान आणि लांब दिसतं. मागून येणारा ट्रक मला खेळण्याएवढा दिसतो आणि तो खेळण्याएवढा नाही हे मला माहीत असतं. भीतीची सुरुवात तिथूनच झाली असावी.

माझा एक जुळा भाऊ होता, डाव्या हँडलवरचा. मालकाने गाडी घेतल्या घेतल्या त्याला काढून टाकलं. का, तर एका बाजूने गाडी मोकळी आणि रुबाबदार दिसते म्हणून. तो बिचारा सलूनच्या ड्रॉवरमध्ये बोथट कात्र्यांसोबत पडला आणि दोघांचं काम माझ्या गळ्यात आलं.

सलूनचं सांगायचं राहिलं. मालक केस कापायचा, आणि मालकीणही. दोघं एकाच दुकानात उमेदवारी करता करता एकमेकांना आवडले, त्यामुळे त्यांच्यात अहो-जाहो कधी जमलंच नाही. पुढे स्वतःचं दुकान टाकलं. खरं सांगायचं तर हात तिचा चांगला. गिऱ्हाईक त्याच्या गप्पांना भुलून आत यायचं आणि तिच्या खुर्चीसाठी थांबून राहायचं. तिच्या उजव्या हातात कात्री इतकी हलकी चालायची की लहान मुलंसुद्धा न रडता मान पुढे करायची.

मालकाचं आयुष्य आरशासमोर गेलेलं. त्याचा एक परिणाम झाला, आणि तोच माझ्या मुळावर आला. आरसा दिसला की त्याला त्यात रस्ता दिसायचा नाही, चेहरा दिसायचा. गाडीवर बसला की पहिला हात माझ्याकडे. मला वर वळवायचा, मिशी नीट करायची, केसांवरून बोटं फिरवायची आणि तसाच निघायचा. मला त्याच्या नाकपुड्या पाठ झाल्या होत्या, पण मागून कोण येतंय याचा पत्ता नसायचा. माणूस वाईट नव्हता हो. हसरा होता, बायकोवर जीव टाकणारा होता. पण मी जीव मुठीत धरून फिरायचो, आणि मला तर मूठही नाही.

मग खेळण्यांची फेरी आली. लहान मुलांच्या रुग्णालयासाठी मोटरसायकलवाल्यांनी खेळणी घेऊन जायचं, गाडीला बांधून, ओळीने, म्हणजे खिडकीतून बघणाऱ्या मुलांनाही गंमत. मालकीण नुकतीच स्वतःची मोटरसायकल चालवायला लागली होती. तिने एक कापडी जिराफ घेतला आणि मागच्या सीटवर असा बांधला, की त्याची मान तिच्या हेल्मेटच्याही वर यायची.

फेरीचा म्होरक्या होता मास्तर. गाडी चालवायला शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता. निघण्याआधी त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि चांगलंच तासलं. ही शर्यत नाही. ओळीत कोणी कोणाला ओलांडायचं नाही. एक डावीकडून, पुढचा उजवीकडून, असं अंतर ठेवून चालायचं. उगाच सायलेन्सरचे बार काढायचे नाहीत, आपण आजारी लेकरांकडे चाललोय. आणि शेवटी त्याने जे सांगितलं, ते ऐकून माझा ऊर भरून आला.

"प्रत्येकाने आपल्या मागच्याला सांभाळायचं. आरशात बघत राहा. मागचं माणूस दिसेनासं झालं की हळू व्हा. तुम्ही हळू झालात की तुमच्या पुढचा हळू होईल, मग त्याच्या पुढचा. असं करत करत ते माझ्यापर्यंत येईल आणि मी थांबेन. फोन लागत नाही घाटात. आरसा लागतो."

मग ओळीने फिरत त्याने प्रत्येकाचे आरसे आपल्या हाताने नीट केले. माझ्यापाशी आल्यावर मालकाकडे बघून म्हणाला, "एकच?" मालक ओशाळून हसला. मास्तरने मला खाली वळवलं, आणि मला मालकीण दिसली. हेल्मेटमध्ये घट्ट दाबलेले गाल, वर डोलणारी जिराफाची मान. तिच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी, रुग्णालयातली सिस्टर, औषधपेटी घेऊन. वाटेत कोणीही थांबलं की तिने त्याच्यापाशी थांबायचं असं ठरलं होतं.

पहिला टप्पा मी आयुष्यात कधी नव्हे इतका सुखात काढला. मालक मधूनमधून बघायचा, मी त्याला बायको दाखवायचो, तो पुन्हा रस्त्याकडे वळायचा. आपण ज्यासाठी जन्माला आलो ते काम आपल्याकडून करून घेतलं जावं, यासारखं दुसरं सुख नाही.

घाटाच्या पायथ्याशी सगळे पाणी प्यायला थांबले. आमच्यात फटाका नावाचा एकजण होता. खरं नाव वेगळं असेल, पण त्याच्या गाडीचा सायलेन्सर तडतडायचा म्हणून सगळे फटाकाच म्हणायचे. त्याच्या गाडीला एकही आरसा नव्हता. मास्तरने त्यावरून त्याला चारचौघांत झापलं होतं, आणि त्याने लावतो लावतो म्हणत वेळ मारून नेली होती. तिथे त्याने मोबाइल काढून सगळ्यांचे फोटो घ्यायला सुरुवात केली. फोटो म्हटल्यावर आमच्या मालकाचा हात कुठे गेला, ते सांगायला नको.

त्याने मला वर वळवलं आणि मिशी नीट केली. फोटो झाला, मास्तरची शिट्टी वाजली, सगळे निघाले. मी तसाच राहिलो.

घाट सुरू झाला होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा. आणि माझ्यासमोर काय, तर एक आनंदी चेहरा. मालक गुणगुणत होता. वारा मिशीला लागत होता. मधेच माझ्यात बघून तो स्वतःवरच खूश होत होता. मी मनातल्या मनात विनवण्या करत होतो, की अरे बाबा, एकदा हात लाव, एक बोट लाव, पुरे. पण एवढं सुंदर काही दिसत असताना हात कोण लावणार?

मागून हॉर्न वाजला. तिचाच. लांबलचक. मालकाने हसून मान डोलावली. बायको मजेत आहे, असं वाटलं असावं त्याला.

मग तडतड ऐकू आली. फोटोंच्या नादात फटाका मागे राहिला होता आणि आता पुढची जागा गाठायला निघाला होता. आवाज मागून येत होता आणि वळणावरही कमी होत नव्हता. पुन्हा हॉर्न वाजला, पण या वेळी आखूड, मध्येच तुटल्यासारखा. त्यानंतर काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला, पण तडतड एवढी जवळ आली होती की त्यात तो बुडाला. फटाका आमच्या अंगावरून पुढे गेला. आणि मालकाने, माझ्या देखत, त्याला अंगठा दाखवून शाबासकी दिली.

त्या वेळचे माझे हाल काय सांगू? पाठीमागे काहीतरी झालं होतं, मला ते कळलं होतं, आणि माझं तोंड भलतीकडे होतं. एक वळण गेलं. दुसरं गेलं. हॉर्न नाही, तिच्या इंजिनाचा आवाज नाही. मालक गुणगुणत होता. आणखी एक वळण गेलं.

मग तो गुणगुणायचा थांबला. का ते मला ठाऊक नाही. कदाचित शांतता त्यालाही टोचली असेल. त्याने मान वळवून मागे बघितलं, पुन्हा पुढे बघितलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर ते मी पाहिलं. आधी कपाळ, मग डोळे, मग ती मिशी, सगळं एकेक करून पांढरं पडलं. धडपडत त्याने मला खाली वळवलं. मला रस्ता दिसला. रिकामा. मालकीण नाही, जिराफ नाही, सिस्टरही नाही. सिस्टर नाही याचा अर्थ आम्हा दोघांनाही एकदमच कळला. ती कोणाजवळ तरी थांबली होती.

त्याने गाडी थांबवली, फोन लावला. लागला नाही. मग त्याने गाडी वळवली आणि उताराला लावली. आता माझ्यात घाटाचा वरचा रस्ता दिसू लागला, आणि त्यावर मी एक गोष्ट पाहिली जी मला अजून छळते. आमच्या पुढची गाडी थांबली होती. तिच्या पुढची थांबत होती. वरच्या वळणावर एकामागून एक लाल दिवे लागत गेले, थेट मास्तरपर्यंत. आम्ही दिसेनासे होताच त्यांना कळलं होतं. एवढ्या मोठ्या ओळीत फक्त आमच्या जागी साखळी तुटली होती.

मालक पुढे बघत सुसाट चालला होता. काही क्षणांनी मला मागे रस्त्यावर काहीतरी पिवळं दिसलं. आम्ही त्याच्या बाजूने गेलो होतो, त्याला दिसलं नव्हतं. जिराफ होता. पोटावर पडलेला, मान वाकडी झालेली. मला वाटलं, माझी काच आता तडकणार.

गाडी थांबली. पुढे काय होतं ते मला दिसलं नाही, मला तर नेहमी मागचंच दिसतं. मी फक्त ऐकत होतो. मालकाची पावलं धावत गेली. सिस्टर शांतपणे म्हणाली, "हात धरा तिचा. तो नाही, दुसरा."

आणि मग मालकिणीचा आवाज आला. तो ऐकून माझ्या जिवात जीव आला आणि लगेच गेलाही.

"माझी बोटं जागेवर आहेत का सांग. मला जाणवत नाहीयेत."

जागेवर होती. पण उजवं मनगट मोडलं होतं. फटाक्याने वळणावर तिच्या आणि कठड्याच्या मधून गाडी घातली होती. त्याला तर वर पोहोचेपर्यंत काही माहीतच नव्हतं. मास्तरने त्याला घरी पाठवलं आणि पुन्हा यायचं नाही म्हणून सांगितलं. ते ठीकच झालं. पण आमच्या मालकाला लोकांनी काय म्हटलं? सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. कारण तो सांगत सुटला होता, की मागची दिसेनाशी झाली तसा मी लगेच थांबलो. दुकानात सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, मास्तरलाही सांगितलं. मालकीण हात गळ्यात बांधून बाजूला बसलेली असायची आणि ऐकायची.

तिचं प्लास्टर निघालं, पण अंगठ्यात जोर आला नाही. कात्री चालते, पण थोडा वेळच. मग ती हात मांडीवर ठेवून बसते आणि तिच्यासाठी थांबलेलं गिऱ्हाईक गुपचूप त्याच्या खुर्चीकडे सरकतं. तिच्या गाडीचे आरसे फुटले होते. एके दिवशी मालकाने ड्रॉवरमधून माझ्या भावाला काढलं, मला माझ्या जागेवरून काढलं, आणि आम्हा दोघांना तिच्या गाडीला लावलं. स्वतःसाठी नवीन जोडी आणली. वाटलं असेल, तेवढ्याने फिटेल. पण गाडी झाकूनच राहिली. मी कितीतरी दिवस कापडाखालचा अंधार बघत होतो, आणि खरं सांगायचं तर मला तोच बरा वाटत होता.

काल कापड निघालं. फेरी पुन्हा आली आहे. मालक गाडी पुसत होता. पुसता पुसता हळूच म्हणाला, येतेस का, या वेळी तू पुढे राहा, मी तुझ्या मागे राहतो. ती दारात उभी होती. तिने शांतपणे विचारलं, "मी दिसेनाशी झाले, ते तुला कधी कळलं?"

फडकं माझ्यावरच होतं. ते थांबलं. मी त्याच्या हाताखाली त्याच्याइतकाच घाबरलो होतो. तो पुन्हा तेच सांगणार, असं मला वाटलं.

"उशिरा," तो म्हणाला. "खूप पुढे गेल्यावर. तू पडलीस तेव्हा मी आरशात स्वतःला बघत होतो."

ती म्हणाली, "मला माहीत होतं. पायथ्यापर्यंत तुझ्या आरशात मला सारखा तुझा चेहरा दिसायचा. घाट लागला आणि तो दिसेनासा झाला. पहिला हॉर्न मी त्यासाठीच दिला होता."

तो खाली बसला. रडला की नाही ते मला दिसलं नाही, माझ्यावर फडकं होतं.

आज आम्ही निघतोय. ती गाडीवर बसली आहे. कमकुवत अंगठ्याने तिने मला धरलंय आणि इकडे-तिकडे हलवतेय. तिच्या मागे तो आपली गाडी घेऊन उभा आहे, हेल्मेट घालून, मिशी झाकून. त्याचा चेहरा माझ्यात येईपर्यंत तिने मला सोडलं नाही. आला आहे. तो तिच्याकडे बघतोय आणि त्यालाही तिचा चेहरा दिसतोय. तिचे हात गार पडलेत, मला जाणवतंय. मी तर घाबरलेलाच आहे, पण तीही घाबरली आहे, आणि तरीही तिने गाडी सुरू केली.

तुम्ही कधी कोणाच्या पुढे गाडी चालवत असाल, तर माझं एवढं ऐका. मला एकदा नीट करा आणि मग माझ्यात बघत राहा, मागच्या माणसाला तुम्ही दिसताय ना, एवढ्यासाठी तरी. आता मला बोलायला लावू नका. घाट लागेल, आणि मला मागे बघायचं आहे.