तुळईची खालची बाजू

गेल्या वर्षभरात आमच्या घरातलं सगळं खाली आलं. दिव्यांची बटणं, टॉवेलचे हुक, चहा-साखरेचे डबे, बाथरूममधला आरसा. त्या आरशात मला आता फक्त माझं पोट दिसतं, आणि या वयात ते रोज सकाळी बघण्यासारखं राहिलेलं नाही. पण तक्रार कुणाकडे करणार? लेकीला अपघात झाला, ती चाकाच्या खुर्चीतून घरी आली आणि आमचे हे करवत-हातोडा घेऊन घरभर फिरायला लागले. हाडाचे सुतार. तोंडातून माया म्हणून निघायची नाही, म्हणून ती त्यांनी कापून, ठोकून, खिळ्यांनी पक्की करून दाखवली.

लेकीला आम्ही मिठू म्हणतो, कारण लहानपणी तिच्या तोंडाला क्षणभर विश्रांती नसायची. अपघातानंतर बरेच दिवस ती गप्प होती, आणि मी तिच्या बडबडीवर किती वेळा ओरडले होते ते आठवून माझा जीव तुटायचा. आता कुठे पुन्हा बोलायला लागली होती, तर बोलली काय? शहरातल्या ऑफिसातून बोलावणं आलंय म्हणे. इमारतींचे नकाशे काढायचं तिचं जुनंच काम. तळमजल्यावर राहायला खोलीही मिळत होती. जाणार का विचारलं, तर "बघते" म्हणाली. मी सरळच सांगते, तिनं जायला मला नको होतं. परक्या शहरात खुर्ची उलटली, तर हाक कुणाला मारणार?

ह्यांनाही नकोच होतं. हे अर्थातच काही बोलले नाहीत, पण एक दिवस जुन्या गोदामाची तुळई घेऊन आले. बैठकीतल्या दगडी फायरप्लेसवर एक छानशी लाकडी तुळई बसवा, म्हणजे वर चार वस्तू ठेवता येतील, हे मी लग्न झाल्यापासून सांगत होते. दुनियेच्या घरी बसवून आले, आमच्याकडे मात्र दिव्याखाली अंधार. आता एकाएकी मुहूर्त सापडला. मिठूचा चष्मा, फोन, पुस्तकं, सगळं तिला हाताशी राहील, असं म्हणत त्यांनी दगडांवर खडूची रेघ मारली. रेघ जाळाच्या तोंडाला जवळजवळ टेकलेली होती.

धगीनं लाकूड जळेल, हे मलाही कळत होतं. तसं म्हटलं, तर खालून पत्रा मारतो म्हणाले. जाळ आणि लाकूड यांत दोन विती अंतर हवंच, असं गिऱ्हाइकांना आयुष्यभर बजावणारा माणूस. न ऐकणाऱ्यांचं काम अर्धवट टाकून आलेला. त्यानं लेकीपायी अक्कल गहाण टाकली होती. मीही मग तोंड मिटलं. पत्रा तर पत्रा. ती राहत असेल तर मी त्या पत्र्याला रोज घासून चकचकीत ठेवलं असतं.

मिठू खुर्ची ढकलत आली. तिनं हात वर करून रेघेवर बोटं टेकवून बघितलं. अगदी मापात बसलं.

"बाबा, गिऱ्हाइकाकडे इतक्या खाली बसवली असतीत?"

हे पातळी बघायची पाणसळ पुसत बसले. स्वच्छच होती ती.

"माझा हात पुरावा म्हणून घराला आग नका लावू," ती म्हणाली. "जिथे असायला हवी तिथे बसवा. आणि मी ऑफिसला हो कळवलंय."

इथे तुला काय कमी आहे, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. तिनं आवाज चढवला नाही.

"काहीच कमी नाही, आई. म्हणूनच जायचंय. इथे मला कशासाठीही धडपडावंच लागत नाही."

मग तिनं खडू माझ्यापुढे धरला. वरपर्यंत तिचा हात पोचत नव्हता आणि हे तर जागचे हलेनात. मी ओल्या फडक्यानं खालची रेघ पुसली आणि तिच्या जरा वर खडू टेकवला. "अजून वर," मिठू म्हणाली. मी बोटभर सरकवला. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मी दोन विती मोजल्या आणि रेघ ओढली. ती सापासारखी गेली. वाकडी रेघ म्हणजे ह्यांना शिवी, पण त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं पाणसळ लावून ती सरळ केली.

दगडाला भोकं पाडून सिमेंटात लोखंडी गज बसवले, ते पक्के धरेपर्यंत थांबलो, आणि मग शेजारच्या गवंडीभाऊंना हात लावायला बोलावलं. तुळईला मागून पाडलेल्या भोकांत गज बिनबोभाट शिरले. आम्ही तिघं उभ्या उभ्या आमच्याच कामाचं कौतुक करत होतो.

"खालून रंधा मारायचा राहिलाय," मिठू खुर्चीतून म्हणाली. "करवतीचे ओरखडे दिसतायत."

"खालून कोण बघतंय?" म्हणत गवंडीभाऊ हसले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. उभ्यानं आमच्यापैकी कुणालाच ती बाजू दिसत नव्हती. ह्यांनी एकदा मिठूकडे पाहिलं आणि तुळई उतरवायला सांगितली.

गवंडीभाऊ गेले, मिठू सामान आवरायला आत गेली. हे अंगणात तुळई उलटी टाकून रंधा मारत बसले. ओरखडे जाऊन बराच वेळ झाला तरी ह्यांचा हात थांबेना. माझा राग अजून उतरला नव्हता, कुणावर तरी काढायचा होता.

"ती तर चाललीच आहे," मी म्हटलं. "मग आता कुणासाठी एवढं?"

ह्यांनी मान वर केली नाही.

"सुट्टीला येईल," ते म्हणाले. "तेव्हा तिला दिसेल ना."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. बाह्या वर सारल्या आणि तुळई हलू नये म्हणून तिचं दुसरं टोक धरून बसले.