लिहिलंय तसं म्हण

त्रेपन्न साली मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात टेलिफोनवर बसायला मुलगी हवी होती. वसुधा मराठी शाळेतून मॅट्रिक झालेली. इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायला जीभ वळायची नाही. तिने थोरल्या भावाला, विद्याधरला, शिकवण्याची गळ घातली. तो फोर्टातल्या कंपनीत कारकून होता. नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण तो लगेच तयार झाला.

रोज संध्याकाळी चहा झाला की तो तिला गॅलरीत वाचायला बसवी. क्रियापदाच्या शेवटी ई-डी आला की ती अडखळायची. लिहिलंय तसं म्हण, तो सांगे. मग ती म्हणायची, आस्केड, हेल्पेड, कॉलेड. तो मान डोलवायचा. बाबा गेल्यापासून तिच्यासाठी इतका वेळ कुणी काढला नव्हता.

मुलाखत घेणाऱ्या पारशी बाईंनी तिला उतारा वाचायला दिला आणि तिसऱ्याच ओळीला थांबवलं. हे कुणी शिकवलं, त्यांनी विचारलं. भावाने, वसुधाने ऐटीत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. ‘वॉन्टेड’मध्ये ‘एड’ ऐकू येतो, कारण आधी ‘ट’ आहे. ‘आस्क’पुढे नुसता ‘ट’ लागतो, ‘कॉल’पुढे नुसता ‘ड’. एवढं समजावून त्या म्हणाल्या, उच्चार सुधारले की पुन्हा ये.

परतताना तिला स्वतःपेक्षा दादाचंच वाईट वाटत होतं. साहेबासमोर तोही असंच बोलत असणार आणि लोक पाठीमागे हसत असणार. त्याला न दुखवता हे कसं सांगावं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती.

चाळीखालच्या दवाखान्यात फोन होता. आईचा दमा उसळला म्हणून विद्याधर घरी राहिला होता आणि तिथून ऑफिसात बोलत होता. वसुधा दारातच थबकली.

“आय आस्क्ट हिम, सर,” तो म्हणाला. मग ‘फिनिश्ट’ आलं, मग ‘कॉल्ड’. एकही शेवट चुकला नाही.

फोन ठेवून तो वळला.

“तुला येतं,” ती म्हणाली.

तो बाकावर बसला. आईजवळ दिवसभर कुणीतरी हवं, असं काहीबाही सांगू लागला.

“मग जाऊ नको म्हणायचंस.”

“तसं म्हटलं असतं तर तू माझ्यावर रागावली असतीस, वसू.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. आपण तिला सांभाळूनच घेतलं, असं त्याला खरंच वाटत होतं.

पुढच्या आठवड्यापासून ती शेजारच्या इमारतीतल्या मृणालिनीबाईंकडे शिकायला जाऊ लागली. त्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या. दिवाळीनंतर वसुधा कारखान्यात टेलिफोनवर बसली, आणि आईपाशी समोरच्या खोलीतली रुक्मिणी थांबू लागली. घरी एखादा शब्द अडला तर विद्याधर आपणहून सांगायचा, आणि आता बरोबर सांगायचा. ती ऐकून घ्यायची. मृणालिनीबाईंना विचारल्याशिवाय मात्र तो शब्द तोंडातून काढायची नाही.