उस्तादांचं वय

बूट स्कीला पकडून ठेवणारं ते बाइंडिंग माझ्या दुकानात आलं त्याच दिवशी मी ठरवलं होतं, हे कुणाला विकायचं नाही. शेमशकमध्ये, आमच्या या डोंगरातल्या स्कीच्या गावात, नवा माल येतो तो कुणाच्या तरी सुटकेसमधून, स्वेटरच्या घड्यांत गुंडाळून. माझ्या मावसभावानं व्हिएन्नाहून एकच जोडी आणली होती. डोंगर चढताना बुटाचं टोक दोन सुयांवर तोलायचं, वर पोचलं की खटका फिरवून सगळा बूट जबड्यात घट्ट धरायचा, आणि पडलात तर जबडा वेळेवर पाय सोडतो. यंत्रानं दाबून कडक केलेला उतार असो की मांडीएवढा भुसभुशीत बर्फ, दोन्हीकडे चालतं. मी ते मेणाच्या डब्यांमागे सरकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उस्ताद नुसरत आले. अर्ध्या गावाला स्कीवर उभं केलं ते त्यांनी. मलाही, वडिलांच्या बुटात वर्तमानपत्रं कोंबून.

"फरामर्ज, माझं बाइंडिंग म्हातारं झालं. चालता चालता उघडतं," ते म्हणाले. "सहा दिवस पोरांना घेऊन कडक उतारावर असतो, शनिवारी सुट्टी, तेव्हा वरच्या ताज्या बर्फात. दोन्हीला चालेल असं काढ. तुमच्या या नव्या यंत्रांतलं मला काही कळत नाही."

त्यांना हवं ते माझ्या पाठीमागे तीन हातांवर होतं.

"हे घ्या," म्हणत मी नुसत्या सुयांचं, हलकं बाइंडिंग पुढे केलं. "वजनच नाही याला. चढताना दम लागणार नाही."

"दम कुणाला लागतो? कडक उतारावर चालेल ना?"

"न चालायला काय झालं?"

इतकं सहज बोललो मी. नंतर कागद भरायला बसलो. वजन, उंची, बुटाचं माप, वय. त्या आकड्यांवरून स्क्रू किती आवळायचा ते ठरतं. पन्नाशी उलटलेल्यांचा थोडा सैल ठेवतात, कारण हाडं पूर्वीसारखी राहत नाहीत.

"वय?"

उस्तादांनी आरशात आपल्या काळ्याभोर केसांकडे पाहिलं. "अठ्ठेचाळीस लिही."

गेल्या वर्षी त्यांच्या साठीला मी जेवून आलो होतो. पण आमच्याकडे वडीलधाऱ्यांना तोंडावर खोटं पाडत नाहीत. "माशाल्ला, चाळिशीचेच दिसता," म्हणालो आणि अठ्ठेचाळीस लिहिलं. ते चहा प्यायला वळले, तेवढ्यात मी स्क्रू एकसष्टच्या हिशेबानं लावला. वर स्वतःची पाठही थोपटून घेतली, की बघा, किती काळजी घेतो मी. लाज वाटायला हवी होती ती तेव्हा वाटलीच नाही.

खरं तर सुयांच्या त्या बाइंडिंगचा स्क्रू कितीही नीट लावा, गोठलेल्या उतारावर आडवातिडवा झटका बसला तर ते पाय सोडेलच याची खात्री नसते. हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या आठवड्यात उस्तादांच्या पुढे एक शिकाऊ बाई घसरून पडली. तिला चुकवायला ते वळले आणि आडवे झाले. स्की पायालाच राहिली. नडगी दोन ठिकाणी मोडली. त्या वेळी मी वर ताज्या बर्फात होतो, माझ्या नव्या बाइंडिंगवर, पोरासारखा ओरडत.

सहा दिवस मी त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "अख्खं गाव जाऊन आलं. तुझे काय पाय मोडलेत?" मग आजाऱ्याला नेतात तसा अननसाचा डबा घेऊन गेलो.

दार त्यांच्या बायकोनं, तूबा खानमनं उघडलं. "ये बाबा, तुझीच वाट बघतायत."

उस्ताद खाटेवर पडून होते. केसांची मुळं पांढरी दिसायला लागली होती. तूबा खानम चहाला आत गेल्या तसा त्यांनी माझा हात धरला.

"फरामर्ज, मला माफ कर. मी वय खोटं सांगितलं. तू बिचारा त्यावर विश्वास ठेवून स्क्रू आवळलास. लोक तुझ्या दुकानाला नावं ठेवायला लागले, तेव्हा प्रत्येकाला सांगितलं, चूक माझी आहे." त्यांनी उशीखालून एक पाकीट काढलं. "स्की शाळेला राजीनामा लिहिलाय. तूबा उद्या देऊन येईल. केस रंगवून खोटं बोलणाऱ्यानं पोरांना काय शिकवायचं?"

खरं सांगतो, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. गप्प बसलो असतो तर जन्मात कुणाला कळलं नसतं. पण तो हात अजून माझ्या हातावर होता, आणि मला माझीच किळस आली.

"उस्ताद, स्क्रू मी एकसष्टचाच लावला होता."

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"तुमच्या साठीचा केक खाल्लाय मी. दोन तुकडे."

ते हसले. पाय दुखला तरी हसत राहिले. "हरामखोरा, आठवडाभर मला झोप नाही." मग हसू हळूहळू ओसरलं. "स्क्रू बरोबर होता, तर मग सुटलं का नाही?"

तूबा खानम चहाचा ट्रे घेऊन आल्या. माझ्यापुढे पेला ठेवला.

"कारण ते तुमच्या कामाचं नव्हतंच," मी म्हणालो. "कामाचं होतं ते मी डब्यांमागे लपवलं. एकच होतं, आणि मला हवं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडावर खोटं बोललो."

तूबा खानमनी माझ्यापुढचा पेला उचलला, ट्रेमध्ये परत ठेवला आणि आत निघून गेल्या. आयुष्यात कुठल्या घरात माझ्या पुढ्यातला चहा कुणी उचलला नव्हता.

उस्तादांनी पाकिटाचे दोन तुकडे केले. "कुठंय ते?"

"माझ्या स्कीवर."

"काढ. माझ्या स्कीवर बसव."

"पण डॉक्टर म्हणतात, पुढच्या हिवाळ्यापर्यंत..."

"डॉक्टरला विचारलं नाही मी, तुला सांगतोय. आणि कागद नवा भर. वय बासष्ट लिही. तोवर होईन."

मी हो म्हणालो. माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मी बराच वेळ उभा राहिलो. त्यांनी वळून पाहिलं नाही.