वीतभर ताणा

"आजोबा, माझी लाल पट्टी कुठं गेली?"

सोनिका हातमागासमोर वाकून उभी होती. नऊ वर्षांची पोर. मागच्या रविवारी तिनं दोन बोटं लाल विणलं होतं. आज तिथं नुसतं पांढरं होतं.

"गुंडाळीवर गेली बेटा," मी म्हणालो. "विणलं का कापड खाली गुंडाळलं जाते."

"मग उघडून दाखवा न."

"आता नाई. ताण ढिला पडते."

कुसुमताई मागे उभ्या होत्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता घरी असतात. त्या म्हणाल्या, "माही निळीबी त्यातच असंन. धोंडबाभाऊ लय कंजूष आहेत वं सोनिका. आपलंच कापड आपल्याले दाखवत नाहीत."

वर्गातले सगळे हसले. मीही हसलो. 

गुंडाळीवर काहीच नव्हतं. चार रविवार या लोकांनी जे विणलं ते सगळं मी उसवलं होतं. दर वेळी सुरुवातीला चार बोटं पांढरं विणून ठेवायचो, म्हणजे आधीचं खाली गेलं असं त्यांना वाटावं.

मी कोष्टी. पाचपावलीत आमच्या घरी हातमाग होता. चाळीस वर्षं विणलं. मागाला दोन माणसं लागतात. मी विणायचो आणि माझी बायको सुभद्रा बाकी सगळं करायची. जुना ताणा, म्हणजे उभे धागे, संपला की त्याची टोकं फणीत, मागाच्या कंगव्यात, तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा फणीच्या मागे त्या टोकांना जोडतात. गाठ चालत नाही, ती फणीत अडकते. दोन टोकं बोटांत धरायची, राखेची चिमूट लावायची आणि पीळ द्यायचा. दोन हजार चारशे धागे, तेवढेच सांधे. मागाच्या मागच्या बाजूला बुटक्या पाटावर बसून ती तीन-तीन दिवस सांधत राहायची. मला ते येत नव्हतं. कधी करावंच लागलं नाही.

शेवटचा ताणा तिनं पोळ्याच्या आदल्या दिवशी पुरा केला. पदराला हात पुसत म्हणाली, "ऐकून राहिले का? झालं एकदाचं. कर झाली का बसा विणायले."

करीला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी छातीत दुखतं म्हणाली. मारबतीच्या मिरवणुकीनं रस्ते भरले होते. रिक्षा गोळीबार चौकापर्यंतही पोचली नाही, वाटेतच ती गेली.

त्यानंतर मी मागावर बसलो नाही. धाग्यांवर राखेची करडी रेघ होती, या काठापासून त्या काठापर्यंत. मी तिच्याकडे बघत राहायचो. ताट समोर तसंच पडून असायचं. माझा मुलगा अमोल घाबरला. त्यानंच मिनलला गाठलं. मिनल धरमपेठेत एका जुन्या बंगल्यात मुलांना आणि मोठ्यांना हाताची कामं शिकवते. मातीकाम, बांबूकाम, छपाई. अमोल म्हणाला, "बाबा, चार लोकांत बसान तं बरं वाटंन." मी नाही म्हणालो. मग मिनल म्हणाली, माग सोबत आणा. माग आणि सुभद्राचा पाट टेम्पोत चढवला; फणी आणि ताणा एकत्र गुंडाळून तिच्या लुगड्यात बांधला आणि मांडीवर घेऊन बसलो.

पहिल्या रविवारी सहा जणांनी मिळून वीतभर विणलं. जेवढं विणावं तेवढा ताणा पुढे येतो. करडी रेघ फणीला टेकायला आली. आणखी बोटभर सरकली असती तर फणीतून पार होऊन कापडात गेली असती आणि कापडाबरोबर खाली गुंडाळली गेली असती.  सगळे गेल्यावर मी दार लोटलं, एकेक आडवा धागा काढला आणि ताणा मागे घेतला. रेघ पुन्हा जागेवर आली. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी पोटभर जेवलो.

तेव्हापासून दर रविवारी हेच चाललं होतं; रेघ फणीजवळ आली की मी विणणं थांबवायचो.

आज वर्ग संपताना मिनलनं टाळ्या वाजवल्या. "ऐका, पुढच्या रविवारी कापड उतरवू. सगळ्यांच्या घरचे येऊन राहिले. ज्याची त्याची पट्टी दाखवायची."

"माझी आई येईन!" सोनिका म्हणाली. "आजोबा, लाल माझी आहे म्हणून तुम्ही सांगाल न तिले?"

मी मान हलवली.

सगळे गेले. मी मागाशी उभा राहिलो. पाच रविवारांचं कापड एका आठवड्यात कुठून आणणार होतो? मिनलला तोंड कसं दाखवणार होतो? तरी बोटं उसवतच होती. सगळं उसवून ताणा मागे ओढला तेव्हा एक धागा सुटून लोंबला. मग शेजारचे सात-आठ. मी घाबरून जास्तच ओढलं आणि मूठभर सुटले.

ते तुटले नव्हते. सुभद्राचे सांधे उघडले होते. एकदा पुढे जाण्यापुरता दिलेला तो पीळ. मी त्याला पाच वेळा पुढेमागे ओढलं होतं. चाळीस वर्षं विणलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं.

कूलरच्या वाऱ्यानं टोकं उडायला लागली. मी ती दोन्ही हातांनी दाबून धरली. हात काढला तर आणखी सुटतील म्हणून तसाच वाकून राहिलो. किती वेळ, माहीत नाही.

"हे काय करून राहिले गा भाऊ?"

कुसुमताई विसरलेला चष्मा घ्यायला परत आल्या होत्या. त्यांनी माग पाहिला, मग खाली पडलेला रंगीत सुतांचा ढीग पाहिला.

"ही माही निळी हाय का?"

"होय."

"आन त्या पोरीची लाल?"

"सगळ्यांचंच उसवलं ताई. दर वेळी."

"काहून?"

मी सांगितलं. हात धाग्यांवरच होते, त्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

त्या चिडल्या. "मी सुनेले फोटो दाखवले. सासू विणकर झाली म्हणून मी नाक वर करून फिरून राहिली घरात. आन तुम्ही इथं..." त्यांनी कूलर बंद केला. खुर्ची ओढून बसल्या. "सुटले तं सुटले. जोडा आता."

"मले येत नाही."

"चाळीस वर्षं विणलं आन जोडता येत नाही?"

"ते तिचं काम होतं."

"मग आता कोण करंन?"

आठ महिन्यांत असं कोणी विचारलं नव्हतं. सगळे धीर धरा म्हणत होते.

मी मागाच्या मागच्या बाजूला गेलो आणि सुभद्राच्या पाटावर बसलो. तिथं मी कधी बसलोच नव्हतो. तिथून धाग्यांच्या पलीकडे विणणाऱ्याची जागा दिसते, बाकी काही दिसत नाही. कोनाड्यातल्या उदबत्तीची राख घेतली. पहिला सांधा पिळला, तो उघडला. दुसरा, तिसरा उघडला. ताई समोरून जोडीचं टोक शोधून देत होत्या. "घाई कायची हाय," म्हणाल्या, "इथं कोणी पेशंट नाही मरून राहिला." मग जीभ चावून पुढचं टोक पुढे केलं.

अठरावा की एकोणिसावा टिकला.

आठवडाभर मी रोज गेलो. ताई दोन दिवस आल्या. चारशे बारा सुटले होते, तेवढे जोडले.

रविवारी लोक आले. दाखवायला काहीच नव्हतं. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, माझ्या बायकोचे सांधे कापडात जाऊ नयेत म्हणून तुमचं कापड मी उसवलं, चूक माझी. मिनल खाली बघत होती. कोणाचा तरी नवरा म्हणाला, "अजब आहे बाबा," आणि बाहेर निघून गेला. सोनिकाच्या आईनं पोरीचा हात धरला.

पोरीनं तो सोडवून घेतला. "मग आता परत विणू का लाल?"

"विण."

ती बसली. धोटा इकडून तिकडे गेला, हात्याचा ठोका पडला. मग कुसुमताई बसल्या, मग बाकीचे. मी पाटावरून बघत होतो. करडी रेघ माझ्यापासून दूर सरकत फणीला टेकली. मी पाट घट्ट धरून ठेवला. रेघ फणीतून गेली आणि कापडात आली.

सोनिकानं तिथं बोट फिरवलं. "आजोबा, हे टोचते."

"ते माझे सांधे आहेत."

"आन आजीचे?"

"शोध."

तिनं बोट या काठापासून त्या काठापर्यंत नेलं, मग परत आणलं. मग डोळे मिटून पुन्हा एकदा नेलं.

"नाही सापडत," ती म्हणाली.