टेपची दोन टोकं

पहिली बैठक हरणाबाईंनी देवळाच्या मंडपात ठेवली आणि तिथंच चुकल्या. बौद्धवस्तीतला केरू आणि त्याची माणसं पायरी चढलीच नाहीत. दुसरी विहारात ठेवली, तर दादासोच्या बाजूच्या सगळ्यांचे गुडघे एकाच दिवशी दुखायला लागले. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या बाईंनी मनाशी म्हटलं, यापेक्षा पोरं बरी.

भांडण वाटेचं होतं. बौद्धवस्तीतून स्मशानाकडं जाणारी वाट दादासोच्या रानातून जायची. दोन वर्षांपूर्वी एका मयताच्या वेळी ट्रॅक्टर उसात शिरला, चार सऱ्या आडव्या झाल्या. दादासोनं रागाच्या भरात वाटच नांगरली आणि तिच्यावर ऊस लावला. बोलणं तुटलं. वस्तीला स्मशानात जायला ओढाच उरला. आता केरूची आई मुक्ताबाई थकली होती. तिचं एकच मागणं होतं, "मला ओढ्यातनं नेऊ नगा."

तिसऱ्या खेपेला बाईंनी दोघांनाच रानात बोलावलं आणि मोजणीचा टेप हातात दिला.

"बोलायचं न्हाई. वाट किती लांब हुती तेवढं मोजायचं."

एक टोक धरून दादासो बांधावर थांबला, दुसरं घेऊन केरू सरीत शिरला. दहा पावलांत दिसेनासा झाला. बाई दादासोजवळ उभ्या राहिल्या.

"ढिला सोडलास व्हय रं? ताण की!" उसातून आवाज आला.

"ताणलाय! तूच वाकडा गेला असशील. शाळंत रेघ तरी कवा सरळ वडलीस?"



थोड्या वेळानं दादासोच म्हणाला, "ट्रॅक्टर शिरला तवा एकानं तरी येऊन चुकलं म्हणायचं हुतं."

उसात सळसळ झाली. मग केरूचा आवाज आला. "चुकलंच. मी येणार हुतो, तर तू नांगर घातलास." तो पुढं म्हणाला, "गेल्या पावसाळ्यात आमच्या आबाला ओढ्यातनं न्हेलं. पाणी छातीला. तिरडी कलली. आबा पाण्यात गेला, दादासो. मी हातानं चाचपून काढला."

दादासोच्या हातातला टेप सैल पडला.

"मला कुणी सांगितलं न्हाई," तो हळू म्हणाला. केरूपर्यंत ते पोचलं नसणार. बाईंनी सांगितलं, "मोठ्यानं बोल."

"मला म्हाईत नव्हतं, गड्या!"

केरू बाहेर आला तेव्हा दादासो घरून कोयता आणायला निघाला होता. ऊस अजून कोवळा होता, कारखान्यानं नेला नसता.

"वैरण हुईल," तो म्हणाला. "वाट आठ फूट रुंद पुरं?"

"ट्रॉलीला नऊ लागत्यात."

"बोट दिलं की हात धरतंय बघा, बाई!" असं म्हणाला खरा, पण तोडला नऊ फूट. दुपारनंतर केरूनंही कोयता घेतला.

चौथ्या दिवशी मुक्ताबाई काठी टेकत बांधावर आली. वाट जिवंतपणी बघायची होती तिला. अर्ध्यात थांबून म्हणाली, "दादू, एक कांडं दे की."

"आवं मावशी, दात कुठं हायत?"

"तू सोलून बारीक करून दे. मला काय घाई न्हाई."